चाळीस जणांचा शुक्रवार

अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी चाळीस माणसांचा अख्खा शुक्रवार घरी एसीत बसून लिहून काढला. त्या चाळिसांपैकी एकालाही मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर मी गोष्ट रंगवत बसतो आणि माझा मूर्खपणा पाहुण्यांच्या पायांतून आत शिरणाऱ्या मांजरासारखा कुठेतरी मध्येच, कुणाचं लक्ष नसताना येतो. ही सवयही त्याच काळातली.

आठवायचं कारण शमाल. मे संपत आला की दोह्यात हा उत्तरेचा वारा सुटतो. पाऊसबिऊस काही आणत नाही, नुसती धूळ आणतो. आभाळ जुन्या वर्तमानपत्राच्या रंगाचं होतं. खिडक्या कितीही घट्ट लावा, संध्याकाळी डायनिंग टेबलावर बोट फिरवलं की रेघ उमटते. परवा ऑफिसातून येताना ओल्ड एअरपोर्टच्या सिग्नलला गाडी थांबली आणि शेजारी कामगारांची बस येऊन उभी राहिली. खिडक्यांना गज, गजांना बांधलेले ओले पंचे, पंच्यांमागे चेहरे. मी रेडिओचं बटण उगाचच फिरवत राहिलो. दहा वर्षं होत आली, तरी मे महिन्यात त्या बसच्या खिडकीकडे मान वर करून बघायची माझी हिंमत होत नाही. जानेवारीत होते. थंडीत माणसाचं मन निबर होत असावं.

आमच्या वेळी बारावी झाली की इथली मराठी पोरं भरपूर सामान आणि खूप सल्ले घेऊन पुण्या-नाशिकच्या होस्टेलांत जायची. जून-जुलैत विमानतळावर एकेकाला सोडायला जायचं, हात हलवायचा आणि परतीच्या गाडीत गप्प बसायचं. माझ्या वर्गातले सगळे असे गेले. मला सोडायला कुणी आलं नाही, कारण मी गेलोच नाही. मार्कांनी तशी काही सोयच ठेवली नव्हती. तेवढ्यात इथे एक नवं खाजगी कॉलेज निघालं होतं. त्यात वाणिज्य भरलेलं होतं आणि अर्थशास्त्र रिकामं. बाबा म्हणाले, "घे. नाहीतरी घरात बसून तू काय दिवे लावणार आहेस?" आई मैत्रिणींना फोनवर सांगायची, "त्याला इकॉनॉमिक्सचीच आवड होती हो पहिल्यापासून." ही बातमी मला आतल्या खोलीत ऐकू यायची.

विभाग म्हणजे एका व्हिलाचा वरचा मजला. दोन खोल्या, एक वॉटर कूलर आणि एक अरुंद ऑफिस. विद्यार्थी सहा. दुपारी वर्गात ऊन असं यायचं की फळ्याचा डावा अर्धा भाग दिसायचाच नाही. त्यामुळे मागणीचा वक्र मला तीन वर्षं खालच्या टोकाकडूनच माहीत होता. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत मी तो वक्र उलटा काढून, खजूर जितका महाग तितका लोक जास्त खातात, असं आकृतीसह सिद्ध करून दाखवलं होतं. आमचे डॉक्टर इद्रिस सुदानचे. उंच, सावकाश बोलणारे, खडू मोडला तर दोन्ही तुकडे जपून ठेवणारे. त्यांनी पेपर परत देताना एवढंच विचारलं, "तुझ्या घरी बाजारात कोण जातं?" मी म्हटलं, आई. "तेच बरं आहे," ते म्हणाले.

त्यांचं आवडतं वाक्य होतं, 'इतर परिस्थिती कायम आहे असं धरून चाललो तर.' प्रत्येक सिद्धांताच्या आधी ते म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. बाहेर क्रेन हलत असायच्या, काल नसलेली भिंत आज उभी असायची, वर्गातला एखादा मुलगा वडिलांची नोकरी गेली म्हणून महिनाअखेरीला निघून गेलेला असायचा. सहाचे पाच झालो होतो आम्ही तिसऱ्या वर्षापर्यंत. इतर परिस्थिती कायम. मला ते वाक्य विनोदी वाटायचं. विशीत आपल्याला बरंच काही विनोदी वाटतं.

ऑफिसात पास्कल अंकल बसायचे. वसईचे. टाइप करायचे, फी भरून घ्यायचे, हजेरी ठेवायचे, कूलरचं पाणी भरायला लावायचे. थोडक्यात, विभाग ते चालवायचे आणि अर्थशास्त्र डॉक्टर इद्रिस शिकवायचे. अख्ख्या कॉलेजात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. घरी ते त्यांची वसईकडची बोली बोलत. माझ्याशी मात्र शाळेतलं, जरा इस्त्री केलेलं मराठी. "काय महाराज, उगवलात? तास संपायला दहा मिनिटं आहेत. बसून घ्या, थकला असाल." दिवसभर इंग्रजी आणि हिंदी ऐकल्यावर हे टोमणेसुद्धा गोड लागायचे. माझे मित्र होस्टेलांत होते. मला पास्कल अंकल होते. डब्यातला अर्धा भानोळा ते माझ्यासमोर सरकवायचे आणि नजर टाइपरायटरवरच ठेवून म्हणायचे, "खा. तोंड बंद राहील."

तर त्या मे महिन्यात डॉक्टर इद्रिसांनी आम्हाला एक काम दिलं. श्रमाचं अर्थशास्त्र हा विषय होता. पुस्तकात माणसाच्या दिवसाचे दोन भाग असतात, काम आणि विश्रांती. "हे खरं आहे का, ते जाऊन बघा," ते म्हणाले. प्रत्येकाला एकेक गट दिला. कुणाला टॅक्सीवाले, कुणाला नर्सेस. मला इंडस्ट्रियल एरियातल्या एका कॅम्पातले चाळीस बांधकाम कामगार. प्रत्येकाला गेल्या शुक्रवारचा दिवस विचारायचा आणि छापील फॉर्ममध्ये अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने भरायचे. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय केलं, कुणाबरोबर केलं, आणि शेवटी प्रत्येकाला एक ठरलेला प्रश्न.

माझ्या फॉर्मला एक शेपूटही होतं. त्या कंपनीचा मॅनेजर डॉक्टर इद्रिसांच्या ओळखीचा होता. कॅम्पातून शुक्रवारी शहरात जायला एकच बस होती आणि माणसं तिच्यात मावतील त्याच्या कितीतरी पट. मॅनेजर म्हणाला होता, तुमच्या मुलांनी कागदावर दाखवून द्यावं की माणसांचा सुट्टीचा दिवस बसपायी कसा जातो. मी दुसऱ्या बसचं वरच्यांच्या कानावर घालतो. पण बुधवारपर्यंत द्या, गुरुवारी मी रजेवर चाललो. पास्कल अंकलनी त्यांच्या ओळखीच्या कॅम्प-क्लार्कला गाठून सगळं जमवलं. चाळीस नावं काढली. शुक्रवारी तीन वाजता मेसच्या हॉलमध्ये माणसं बसवून ठेवायची, असं ठरलं. "माझ्या शब्दावर बसणार आहेत ती," अंकल मला म्हणाले. "तीन म्हणजे तीन. तुमचे कॉलेजातले तीन नव्हेत."

त्या शुक्रवारी शमाल सुटला होता.

मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगत आलो की धुळीनं रस्ता दिसत नव्हता. दिसत होता. बाबा गाडी द्यायला तयार होते, चावी टेबलावर ठेवली होती. आईनं आमरस केला होता. डब्यातला आंबा, पण आमरस. दोन वाट्या प्यालो, टीव्हीवर मॅच होती, पडदे ओढलेले होते, एसी घुमत होता. पावणेतीनला मी उठलो, खिडकीचा पडदा बाजूला केला, पिवळी हवा बघितली आणि परत बसलो. बस्स. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट निर्णयाला याहून जास्त काही नाट्य नाही. फोनसुद्धा केला नाही, कारण फोन केला असता तर 'येत नाही' असं म्हणावं लागलं असतं.

चार वाजता मला हुशारी सुचली. फॉर्म काढले. चार वेगवेगळ्या रंगांची पेनं घेतली. सात-आठ फॉर्म डाव्या हातानं भरले, म्हणजे अक्षर वेगळं दिसेल. एका फॉर्मवर चहाचा डाग पाडला. तो डाग नीट गोल पडावा म्हणून दोनदा कप टेकवला, इतका मी अभ्यासू. सगळ्यांना मी नऊला उठवलं. आंघोळ, नाश्ता. थोडा वेळ पेपरवाचन. एकला जेवण, दोन ते चार झोप. संध्याकाळी कॉर्निशला समुद्रावर फेरफटका. सगळेच एकसारखे नकोत म्हणून तेवीस नंबरच्या माणसाला मी बागकामाची आवड दिली. इंडस्ट्रियल एरियात. चाळीस जण मी आमच्या घरात आणून बसवले होते, आणि ते मला कळलंही नाही. आई दारातून डोकावून म्हणाली, "किती मेहनत घेतोयस रे!"

शनिवारी गठ्ठा दिला. सोमवारी डॉक्टर इद्रिसांनी बोलावलं.

त्यांनी फॉर्म टेबलावर रांगेत मांडले होते. चहाच्या डागाचा सगळ्यात वर. पंखा फिरला की कडा उचलल्या जायच्या आणि ते तळहातानं परत बसवायचे. मग म्हणाले, "मी तीन वेळा वाचले. तुझ्या चाळीस माणसांना भूक लागते, झोप येते, एकाला फुलंसुद्धा आवडतात. पण यातला एकही माणूस कशाचीही वाट बघत नाही."

मला काही समजलं नाही. मी म्हटलं, "सर?"

"संडासाची नाही. नळाची नाही. बसची नाही, फोनची नाही. मी या देशात मोटार नसलेला माणूस म्हणून पहिलं वर्ष काढलंय. मला दिवसातलं दुसरं काही आठवत नाही." मग आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "तू गेलाच नव्हतास ना?"

त्यांनी शून्य दिलं. त्याचं मला तितकं काही वाटलं नाही, शून्याशी माझी जुनी ओळख होती. पण ते गठ्ठा दोरीनं बांधत म्हणाले, "हा कागद मॅनेजरला दिला तर तो म्हणेल, सगळं छान चाललंय. आणि नाही दिला तर म्हणेल, काही दाखवण्यासारखं नाही. तू मला फार सोपी निवड दिलीस." बुधवार गेला. गुरुवारी मॅनेजर रजेवर गेला. सप्टेंबरात त्याच्या जागी दुसराच माणूस आला, त्याला हे काही ठाऊकही नव्हतं.

ऑफिसात गेलो. पास्कल अंकल टाइप करत होते. मी म्हटलं, "अंकल, मला तुम्हाला सांगायचं होतं..."

त्यांनी मान वर केली. चष्मा नीट केला आणि म्हणाले, "येस? व्हॉट कॅन आय डू फॉर यू?"

त्यानंतरचं अख्खं वर्ष, चार वर्षांची ती पदवी हातात पडेपर्यंत, त्यांनी माझ्याशी एक शब्द मराठीत काढला नाही. उद्धटपणा नाही, रागावणं नाही. "प्लीज साइन हिअर." "द डॉक्टर इज इन क्लास." डबा उघडला की टेबलाची माझ्याकडची बाजू रिकामी राहायची. मी एकदा सणाला करंज्या नेल्या. "थँक यू, दॅट्स व्हेरी काइंड," म्हणाले आणि डबा तसाच कूलरवर ठेवला. दुसऱ्या दिवशी तिथेच होता. घराबाहेर माझ्याशी कुणी मराठी बोलत नाही, याची मला त्याआधी कधी जाणीव झाली नव्हती. कारण एक माणूस बोलत होता.

पुढे मला नोकरी लागली. मी आता कागदावर आकडे बसवतो आणि लोक त्यावर विश्वास ठेवतात. डॉक्टर इद्रिस खार्तूमला परत गेले. पास्कल अंकल वसईला गेले म्हणतात, मला कळवून गेले नाहीत. त्या व्हिलाच्या जागी आता काचेची इमारत आहे. परवा धुळीत ती दिसतच नव्हती, त्यामुळे क्षणभर मला तो जुना जिना तिथेच असल्यासारखा वाटला. कूलरखालच्या ओल्या फरशीचा वाससुद्धा आला. आल्यासारखा वाटला, म्हणू. माझ्या सांगण्यात काय खरं आणि काय चहाचा डाग, हे आता माझं मलाही नीट सांगता येत नाही.

पण एक फॉर्म तरी खरा आहे. तो माझ्याकडे आहे.

झालं असं, की त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी मी कॅम्पात गेलो. कुणी पाठवलं नव्हतं. मार्क मिळणार नव्हते, मॅनेजर निघून गेलेला. का गेलो, हे मी स्वतःला बऱ्याच चांगल्या शब्दांत सांगून पाहिलंय. खरं कारण हे असावं, की पास्कल अंकलना 'मी जाऊन आलो' असं सांगता यावं. तेही पुढे जमलं नाहीच.

दुपारी दीडला पोचलो. फाटकाच्या बाहेर पत्र्याच्या कुंपणालगत माणसांची रांग होती. कुंपणाची सावली वीतभर, म्हणून सगळे पाठ टेकून, पावलं आत ओढून उभे. बस साडेतीनला येणार होती. धुवून घातलेले शर्ट, तेल लावलेले केस, आणि केसांवर पिवळी धूळ. मी ओळख सांगितली, कॉलेजचा सर्व्हे म्हणालो. रांग सोडायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा मीच रांगेत शिरून एकेकाजवळ उभा राहून विचारायला लागलो. हिंदीत. साडेचारला उठलो, संडासाला पाऊण तास. नळाला अर्धा. मेसमध्ये वीस मिनिटं. प्रत्येक रकान्यात 'वाट' हाच शब्द लिहिताना माझं अक्षर बिघडायला लागलं, आणि या वेळी ते मुद्दाम नव्हतं. अकरा फॉर्म झाले. बाकीचे माना हलवून समोर बघत राहिले.

बाराव्यानं माझ्या खांद्यावरून कागदात डोकावून विचारलं, "मराठी हाव का साहेब? वर नाव दिसलं."

नामदेव त्याचं नाव. नांदेडकडचा, किनवटच्या बाजूचा. पंचेचाळिशीचा असेल. सेंट्रिंगचं काम करायचा. मराठी ऐकून मला एकदम हायसं वाटलं. वाईट काळात माणसाला कुठेही हायसं वाटतं. "सांगा ना," मी म्हटलं, "गेल्या शुक्रवारचं सांगा."

"इचारा की."

पहाटेपासूनचे रकाने भरत आम्ही दुपारपर्यंत आलो. "तीन ते साडेतीन?"

"मेसात बसलो हुतो."

"काय करत?"

"वाट बघत. कॉलेजचा एक पोरगा येणार हुता म्हणं. क्लार्कनं नावं काढली, आमाला बी वाटलं, दुसरी बस हुतीया तर बसावं. चाळीस जण बसलो. बसच्या रांगंतून निघून बसलो बगा."

माझं पेन थांबलं. वाऱ्यानं फॉर्मचा कोपरा फडफडत होता. तो मी अंगठ्यानं दाबून धरला आणि डोळे कागदावरच ठेवले. नामदेवनं वाकून माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "तुमीच व्हय?"

मी मान हलवली.

त्यानं आरडाओरडा केला नाही. पुढच्या माणसाला हिंदीत काही सांगितलंही नाही. रांग दोन पावलं सरकली, तोही सरकला, मीही सरकलो. फक्त त्यानंतर त्याच्या बोलण्यातून 'साहेब' आणि 'तुम्ही' गेलं.

"लिव मंग," तो म्हणाला.

"साडेतीन ते चार?"

"तुजी वाट."

"चार ते साडेचार?"

"तुजीच. बस गेली हुती तवर. आता जाऊन बी काय करावं, म्हून बसलो. एक मल्याळी म्हणला, धूळ हाय, उशीर हुतो मान्साला. त्याच्या बोलण्यावर पाचपर्यंत बसलो."

मी लिहीत गेलो. पाच ते साडेपाच विचारलं तेव्हा तो पहिल्यांदा थांबला. दर शुक्रवारी पाच वाजता तो शहरातल्या दुकानातून गावाकडच्या बूथवर फोन लावायचा, आणि त्याची पोरगी शेतातून चालत येऊन तिथे बसायची. बूथवाला भला होता, स्टूल द्यायचा. त्या शुक्रवारीही ती आली असणार. गावाकडे तेव्हा साडेसात झालेले असायचे, अंधारातच तिला परत जावं लागायचं.

"किती वेळ बसली असंल काय म्हाईत," नामदेव म्हणाला. त्यानं फॉर्मकडे बोट केलं. "ते ह्यात कुटं लिवायचं?"

तसा रकाना नव्हता. मी कागद उलटसुलट करून पाहिला, जणू मागे असेल. मग मला दुसरं काही सुचेना. समोर फॉर्म होता, फॉर्मच्या तळाशी तो ठरलेला प्रश्न होता, आणि अकरा जणांना तो विचारून माझ्या तोंडात बसला होता. मी खालच्या मानेनं, छापल्याप्रमाणे वाचला, "या दिवसातला कुठला वेळ फुकट गेला असं तुम्हाला वाटतं का?"

तो हसलादेखील नाही.

"कॉलेजात जाऊन बी," तो म्हणाला, "तुला हे इचारावं लागतंय व्हय रं?"